भगतानं नाव काढलं

महाराष्ट्राच्या एका कायद्यात गाईचं दूध आटण्याचा उल्लेख आहे. कायदा पशुसंवर्धनाचा नाही. २०१३ साली आलेल्या या कायद्याचं पूर्ण नाव इतकं लांबलचक आहे, की लोकांनी ते टाकून दिलं आणि ‘जादूटोणाविरोधी कायदा’ एवढंच ठेवलं. त्याच्या शेवटी बारा नोंदींची अनुसूची आहे. त्यातल्या एका नोंदीचा मतलब असा: अमकी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्रानं गाईचं दूध आटवते, अपशकुनी आहे, तिच्यामुळे रोगराई पसरते, असं उठवून तिचं जगणं नकोसं करणं हा गुन्हा. करणी-चेटकाच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं, नागवं करून धिंड काढणं, रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणं, हाही गुन्हा.

मंत्रालयात मसुदा लिहिणाऱ्याला गाईच्या सडांची आठवण आपसूक होत नाही. ते शब्द गोठ्यातून आलेत.

गोठ्यात काय घडतं? गाय काल दोन शेर देत होती, आज तांब्याचा तळ भरत नाही. दिवस पावसाळ्याचे, चारा भिजलेला, कासेला सूज. शेजारच्या झोपडीत पोर तापानं फणफणलंय. मागच्या महिन्यात कुणाची तरी बाळंतीण गेली. दवाखाना डोंगरापलीकडे, आणि तिथे डॉक्टर भेटेलच असं नाही. भगत मात्र हाकेच्या अंतरावर असतो. तो सूप पुढे ओढतो, तांदळाचे दाणे टाकतो, जोड्या लावतो, एकटा उरलेला दाणा बोटानं बाजूला सारतो. बाहेरचं आहे की गावातलं? गावातलं. उगवतीला की मावळतीला? मावळतीला. बाई की बाप्या? विचारणारा भगत, उत्तर देणारे दाणे. पण प्रत्येक उत्तराला समोर बसलेल्यांच्या माना हलतात, आणि भगताचं लक्ष दाण्यांपेक्षा त्या मानांकडे जास्त असतं. मावळतीला घरं तीन. एकात भरलेलं कुटुंब, एकात सरपंचाचा भाऊ, एकात एकटी विधवा. नाव काढायची वेळ येते तेव्हा ते सगळ्यांच्या जिभेवर आधीच आलेलं असतं.

सातपुड्यात तिला डाकीण म्हणतात. डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांत भुताळी. कोकणात चेटकीण, देशावर करणी करणारी. मराठवाड्यात आणि विदर्भात भानामतीचा बोलबाला. पुण्यात यातला एकही शब्द चारचौघांत वापरत नाहीत. पुण्यात म्हणतात, ‘तिनं काहीतरी केलंय.’ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पेठेतल्या एखाद्या तिकाटण्यावर गुलाल लावलेलं लिंबू, दहीभात, नारळ असा उतारा पडलेला दिसतो. स्कूटरवाले चाक वाचवून पुढे जातात. इंजिनिअरही वाचवतात.

डाकीण ही सातपुड्यातली भानगड, आपल्याकडे नाही हो असलं काही, ही पुणेकराची समजूत त्यामुळे फारशी टिकत नाही. आणि कागद बघायला गेलं तर ती अजिबातच टिकत नाही. कारण या गोष्टीचे जुने मराठी सरकारी कागद पुण्याच्याच दफ्तरातले आहेत.

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि तिचे कागद इंग्रजांच्या हाती आले. मोडीतले हजारो रुमाल, वसुलाचे, खर्चाचे, तंट्यांचे. १८९१ पासून ते आज ज्याला आपण पुणे पुरालेखागार म्हणतो त्या दगडी इमारतीत आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातल्या रोजनिश्यांतून उतारे निवडले आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली त्यांच्यावर एक विवेचक निबंध लिहिला. राज्यकारभार, चलन, कैद, दंड अशा गोष्टींचा आढावा घेता घेता रानडे एका चमत्कारिक खात्याशी येऊन थांबतात. कोकणात लोकांवर भूतं घालणाऱ्यांचा, चेटूक करणाऱ्यांचा शोध घ्यायला आणि त्यांना शिक्षा करायला सरकारनं माणसं नेमलेली होती. चोरापासून रयतेला राखावं तसंच भुतांपासूनही राखावं, हे सरकारचं कर्तव्यच मानलं जात होतं.

हे वाचताना रानड्यांच्या मनात काय आलं असेल, असं मला नेहमी वाटतं. प्रार्थना समाजातला माणूस, हायकोर्टाचा न्यायाधीश. आणि समोर आपल्याच लोकांचं राज्य, ज्याचा त्यांना अभिमान होता. ते नोंद करतात आणि पुढे जातात.

सरकारच जर चेटूक मानत असेल, तर ज्या बाईवर आळ आला तिनं दाद मागायची कुणाकडे? तेव्हाच्या न्यायाचा एक भाग दिव्यावर चाले. बहुतेक दिव्यं वतनाच्या तंट्यांत झाली. पण त्यांची रीत बघण्यासारखी आहे, कारण तिची सावली पुढे डाकिणीच्या परीक्षेवर पडलेली दिसते. रवा काढायचा असेल तर आदल्या दिवशी माणसाचे हात धुऊन नखं काढत, हातावरचे तीळ, वण, जुने डाग लिहून घेत, मग हात पिशवीत घालून वर मोहर करत. दुसऱ्या दिवशी कढत तेला-तुपातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, हातानं काढायचा. पुन्हा पिशवी, पुन्हा मोहर. तिसऱ्या दिवशी हात उघडून पाहायचे. पोळला तर खोटा, नाही पोळला तर खरा. या पद्धतीत सगळी काळजी आहे, मोहर आहे, पंच आहेत, लेखी नोंद आहे. नाही तो फक्त पुरावा. सातपुड्याच्या गावांत डाकीण ठरवताना कढत्या तेलात हात घालायला लावल्याच्या हकिकती येतात तेव्हा मला ही पिशवी आठवते. रानटी म्हणून ज्याकडे बोट दाखवतो ते एकेकाळी दरबारी होतं.

शनिवारवाड्याच्या सावलीत बसून लिहायचं तर आनंदीबाईंना टाळून जाता येत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या सुमाराला, नारायणराव पेशव्यांचा वाड्यात खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. पण पुण्याच्या तोंडी राहिलं ते ‘ध’ चा ‘मा’, आणि तो करणारी बाई. खाडाखोड केलेला तो अस्सल कागद आजवर कुणाला सापडलेला नाही. अडीचशे वर्षं झाली. शाळेतल्या पोराला विचारा, ते आनंदीबाईचं नाव सांगेल. तिच्यावर चेटकाचा खटला कुणी भरला नव्हता, हे खरं. पण घरात मरण आलं की बाईचं नाव निघतं, ही खोड पाड्यावरच्या माणसांचीच आहे असं समजायचं कारण नाही.

१८१८ नंतर बाजू उलटली. खानदेश इंग्रजांकडे आला, १८२५ मध्ये आउट्रमनं भिल्लांची पलटण उभी केली, आणि सातपुड्याच्या डोंगरांत गोरे अधिकारी फिरू लागले. त्यांना आढळलं, की गावं बायकांना मारतात आणि त्याची लाज बाळगत नाहीत. झाडाला उलटं टांगणं, डोळ्यांत मिरची, पाण्यात बुडवून पाहणं. समोरचे दात पाडायची चाल तर अनेकांनी टिपून ठेवली आहे. दात गेले की मंत्राचे उच्चार नीट होत नाहीत, म्हणून. म्हणजे मारायचं नसेल तर तिला निदान बोबडी करायची.

इंग्रजांच्या लेखी हा सरळ खून. राजपुतान्यात मेवाडच्या दरबाराकडून १८५३ साली डाकीण मारण्यावर बंदी घालून घेतली गेली. आपल्याकडे १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली आणि मारणाऱ्याला फाशी किंवा काळं पाणी हे पक्कं झालं. मारणारे मात्र चक्रावले. त्यांच्या हिशेबी पोरांना खाणारी बाई हीच खुनी होती, तिचा बंदोबस्त हे गावाचं काम होतं, आणि सरकार खुनी बाईच्या बाजूनं उभं राहिलं होतं. मेल्यावर साहेब येतो. जिवंतपणी तिला डाकीण म्हटलं, तिची चूल बंद केली, विहिरीवरून हाकललं, तिच्या सुनेला माहेरी पाठवून दिलं, तर त्याला संहितेत नेमकं कलम नव्हतं. बदनामीचं होतं. पण डाकीण म्हटल्याबद्दल अब्रुनुकसानीचा दावा लावायला तालुक्याच्या कोर्टात निघालेली भिल्ल बाई डोळ्यांपुढे आणून पाहा.

त्याच काळात पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून तिच्या नवऱ्याला नागवणारा जोशी आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं. फुल्यांची नजर भीती विकणाऱ्यावर होती, आणि शहरातला धंदा त्यांनी बरोबर पकडला होता. डोंगरात त्या धंद्याला आणखी एक पायरी होती. तिथे भीती विकत घेणाऱ्याला बदल्यात एक माणूस दाखवावं लागे.

इंग्रजी गॅझेटिअरांनी भुतांच्या याद्या छापल्या. या याद्यांत आणि मोल्सवर्थच्या कोशात हडळ, जखीण, अळवंत या सगळ्या जणी भेटतात. त्या वाचताना एक गोष्ट खटकते: बाळंतपणात गेली की एक भूत, सवाष्ण गेली की दुसरं. बाप्यांच्या भुतांत मुंजा आहे, खवीस आहे, पण बाईच्या भुताला तिच्या कपाळावरचं कुंकू आणि पोटातलं पोर विचारूनच नाव मिळतं. जिवंतपणी डाकीण ठरवताना हेच विचारतात. नवरा आहे का? मूल जगलं का? या दोन्हीला ‘नाही’ असेल, आणि शिवाय नवऱ्यामागे दोन बिघे जमीन तिच्याकडे असेल, तर दाणे सहसा मावळतीच्या घराकडेच वळतात. जमिनीचं कारण मी मुद्दाम शेवटी लिहिलं. कार्यकर्ते ते पहिल्यांदा विचारतात: दीर कुठे राहतो?

१९०७ साली पुण्यात एका वकिलाच्या घरी जन्मलेली गोदावरी गोखले फर्ग्युसनमध्ये शिकली, कायद्याची पदवी घेतली, आणि नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची पहिली स्त्री सदस्य झाली. शामराव परुळेकरांशी लग्न, मग समाज सोडून कम्युनिस्ट पक्ष, किसान सभा. १९४५ मध्ये ती उंबरगाव-डहाणूच्या वारली पाड्यांवर पोहोचली. पुण्याच्या नऊवारीतली ही शिकलेली बाई कुडाच्या झोपड्यांत राहिली, मिळेल ते आंबील खाल्लं, आणि २३ मे १९४५ ला झरी गावी हजारो वारल्यांनी सावकाराची वेठ करणार नाही म्हणून ठरवलं तेव्हा तिथे उभी होती. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी पिढ्यान् पिढ्या राबणारे लग्नगडी त्या वर्षी मोकळे झाले.

पंचवीस वर्षांनी, १९७० साली, तिनं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकातला सावकार सगळ्यांना आठवतो. वारल्यांच्या जगण्याला दुसराही एक धाक वेढून होता, तो भगताचा आणि भुताळीचा. योगायोग असा, की १९४५ सालीच के. जे. सावे या सरकारी अधिकाऱ्याचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि त्यांनाही भगत व भुताळी यांच्याबद्दल सविस्तर लिहावं लागलं. एकाच वर्षी, एकाच मुलखात, एक बंडखोर आणि एक अधिकारी.

झरीच्या सभेनं वेठ गेली. भुताळीचा धाक गेला नाही. का, याचं उत्तर मला असं वाटतं: सावकार बाहेरचा होता. त्याच्याविरुद्ध पाडा एक होऊ शकला. भुताळी पाड्याच्या आतली. तिच्याविरुद्धही पाडा एकच होतो.

आता शनिवार पेठेत यायचं. ४३१, शनिवार पेठ हा ‘साधना’ साप्ताहिकाचा पत्ता. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या या साप्ताहिकाचे संपादक १९९८ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. साताऱ्याचे, एमबीबीएस, कबड्डीचे नामांकित खेळाडू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. आठवड्यातले पहिले दोन दिवस पुण्यात साधनाचं काम, बाकीचे दिवस एसटीनं महाराष्ट्रभर, असं त्यांचं चालायचं. बोलणं शांत, सावकाश, थोडं मास्तरी. भांडायला आलेला माणूस त्यांच्याशी भांडू शकत नसे, हीच त्याची तक्रार असे.

समितीचं नाव पुण्या-मुंबईत झालं ते बाबा-बुवांच्या भांडाफोडीमुळे. हवेतून अंगारा, जिभेत त्रिशूळ, नारळातून करणी. हे प्रयोग रंगतात, टाळ्या मिळतात. डाकिणीचा प्रश्न तसा रंगत नाही. तिथे उघडं पाडायला हातचलाखीच नसते. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत, कार्यकर्ता पोहोचतो तेव्हा बाई मार खाऊन माहेरी किंवा लेकीकडे पळालेली असते. गावाला विचारलं तर गाव म्हणतं, तिची ती गेली. मग आधी तिला भेटायचं, मग पोलीस ठाणं, मग गावात बैठक, मग भगताला बैठकीत बसवायचं, आणि सगळ्यांत अवघड काम, तिला परत त्याच घरात नेऊन सोडायचं. कारण तिला दुसरीकडे जागा नाही, आणि ती गेली की जमीन गेली. रात्री ती तिथे एकटी झोपणार, आणि कार्यकर्ता शहाद्याची शेवटची गाडी पकडणार.

अशा कामातून कायद्याची मागणी आली. १९९५ मध्ये विधान परिषदेनं असा कायदा व्हावा म्हणून अशासकीय ठराव मंजूर केला. त्यानंतरची अठरा वर्षं म्हणजे एका विधेयकाची वारी आहे. २००३ मध्ये मंत्रिमंडळानं मसुद्याला मान्यता दिली. २००५ मध्ये विधानसभेनं विधेयक मंजूर केलं, ते परिषदेत अडकलं आणि शिळं झालं. दरवर्षी नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की दाभोलकर आणि मंडळी धरणं धरायची. हा कायदा हिंदू धर्मावर घाला आहे म्हणून एक बाजू ओरडत राहिली; वारीवर, कीर्तनावर गंडांतर येईल अशी भीती वारकऱ्यांना घालण्यात आली. मग कलमं गळत गेली, नावातून ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच गेला. शेवटी प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं त्यातच लिहावं लागलं.

त्या वर्षांत टीव्हीवर आणि टिळक स्मारकात झालेल्या चर्चा मला आठवतात. श्रद्धा म्हणजे काय, अंधश्रद्धा म्हणजे काय, सत्यनारायण बसतो की नाही. तासच्या तास. डाकीण हा शब्द क्वचितच निघायचा. ज्या बाईसाठी अनुसूचीत गाईचं दूध आलं, तिचं नाव पुण्यातल्या वादात कुणी काढलं नाही.

२० ऑगस्ट २०१३, मंगळवार. म्हणजे पुण्यातल्या कामाचा दिवस. आदल्या दिवशी मुंबईत ते जातपंचायतींवरच्या चर्चेला जाऊन आले होते. सकाळी सव्वासातच्या सुमाराला ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर ते फिरायला गेले असताना मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ससूनमध्ये नेलं, तोवर संपलं होतं. पुलावरून खाली मुठा, बाजूला पेशवाईतलं ओंकारेश्वराचं देऊळ, पाच मिनिटांवर शनिवारवाडा. पुण्याच्या ज्या टापूत सरकार कधीकाळी चेटूक शोधायला माणसं नेमत होतं, तिथेच.

दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळानं वटहुकमाचा निर्णय घेतला. २४ ऑगस्टला राज्यपालांची सही झाली. अठरा वर्षं न झालेलं चार दिवसांत झालं. डिसेंबरात नागपूरला दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला मात्र १० मे २०२४ उजाडलं. पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं.

कायद्यातली खरी नवी गोष्ट शिक्षा नाही. पेशव्यांचं सरकार विचारत होतं, हिनं चेटूक केलं का? इंग्रज सरकार विचारत होतं, हिला कुणी मारलं? २०१३ चा कायदा विचारतो, हिचं नाव कुणी काढलं? करणी असते की नसते या वादात तो पडत नाही. बाईला आपण डाकीण नाही हे सिद्ध करावं लागत नाही, तेलात हात घालावा लागत नाही. सूप पुढे ओढणारा आरोपी होतो, आणि बाईच्या अंगाला हात लागण्याआधी होऊ शकतो. बिहारनं १९९९ मध्ये, झारखंडनं २००१ मध्ये, छत्तीसगडनं २००५ मध्ये याच वाटेचे कायदे केले होते, तिथल्या ‘डायन’ आणि ‘टोनही’ या शब्दांना धरून. आपला कायदा उशिरा आला, पण पसारा त्याचा मोठा.

आफ्रिकेतल्या घानाची गोष्ट यापुढे ठेवून पाहावी. तिथे उत्तरेकडे गंबागासारख्या ठिकाणी चेटकीण ठरलेल्या बायकांच्या वसाहती आहेत. गावानं हाकललेल्या म्हाताऱ्या तिथे वर्षानुवर्षं राहतात, कारण परत गेलं तर मरण. जुलै २०२० मध्ये नव्वदीच्या एका आजीला भर बाजारात मारून टाकलं, देश हादरला, आणि २०२३ मध्ये संसदेनं कुणाला चेटकीण म्हणणं हाच गुन्हा ठरवणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्राध्यक्षांनी सही केली नाही. टांझानियात तर म्हाताऱ्यांचे लाल डोळे हीच चेटकाची खूण. शेण्या-लाकडांच्या धुरात जन्म गेलेल्या बाईचे डोळे दुसऱ्या कुठल्या रंगाचे असणार? आमच्याकडेही चुली त्याच, धूर तोच, आणि म्हातारीच्या डोळ्यांबद्दल बोलणारी तोंडंही तीच.

आपल्याकडे सही झाली, आणि तरी १ मे २०२४ च्या रात्री, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून गावानं जाळून मारलं. त्याच वर्षी डिसेंबर सरता सरता मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात, एका म्हाताऱ्या बाईला बांधून घातलं, मिरचीची धुरी दिली, चटके दिले, चपलांचा हार घालून फिरवलं. आरोप ठेवला गेला त्यांत गावचा पोलीस पाटीलही होता. गावात सरकारचा पहिला माणूस तो. रानड्यांनी टिपलेली ती नेमणूक, चेटूक शोधायला सरकारनं पाठवलेल्या माणसांची, एका परीनं अजून रद्द झालेली नाही.

कायद्यात दक्षता अधिकारी आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद घेणं बंधनकारक आहे. फिर्याद घेताना ठाणे अंमलदाराला मारहाणीचं कलम पाठ असतं, ते तो लगेच लावतो. अनुसूचीतलं कलम लावायचं तर त्याला नेमके शब्द लागतात: कोण म्हणालं, काय म्हणालं, कुणापुढे म्हणालं. पेशवे दफ्तरातल्या कागदावर जिचं नाव गुन्हेगार म्हणून चढलं असतं, ती आता फिर्यादी म्हणून टेबलासमोर बसलेली असते. बहुधा तिला मराठी नीट येत नाही, पावरी किंवा भिलोरी येते. सोबतचा कार्यकर्ता दुभाषा होतो. हवालदार पेन उघडतो आणि विचारतो, ‘बाई, तुला काय म्हणाले?’

तिनं त्या शब्दापायी गाव सोडलेलं असतं. घरात तो शब्द कुणी उच्चारू नये म्हणून नातवंडांच्या तोंडावर हात ठेवलेला असतो. ती कार्यकर्त्याकडे बघते, तो मान खाली घालतो. हवालदार पुन्हा विचारतो, जरा मोठ्यानं, कारण बाहेर गाडी चालू आहे.

‘डाकीण,’ ती सांगते, आणि तो लिहून घेतो.